बाळ रडलं नाही तर? पहिल्या मिनिटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या छोट्या प्रसूतिगृहांत आणि जुन्नर, आंबेगाव, भोर, वेल्हे भागातल्या आरोग्य केंद्रांत मी सिस्टर आणि तरुण डॉक्टरांना नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवते. त्याआधी बरीच वर्षं लेबर रूममध्ये काढली. खालचे काही प्रश्न प्रशिक्षणाच्या टेबलाभोवती येतात, काही लेबर रूमबाहेरच्या बाकड्यावर. दोन्ही मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. बाकड्यावर बसलेल्या आजींना आत काय चाललंय ते कळायला हवं, आणि आतल्या सिस्टरला बाहेर कसली भीती असते ते.

बाळ जन्मल्यावर रडत नाही, म्हणजे आत नेमकं काय होतं?

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो. जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांत हे पाणी मागे ढकललं जातं, हवा आत जाते, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि बाळ आईपासून वेगळं जगू लागतं. रडणं ही या सगळ्याची बाहेर ऐकू येणारी खूण. म्हणून तर सगळे त्या आवाजाकडे कान लावून बसलेले असतात.

कळा सुरू असताना बाळाला ऑक्सिजन कमी पडला, तर ते आधी श्वासाची जोरदार धडपड करतं आणि मग थांबतं. या पहिल्या थांब्यात नुसतं कोरडं पुसलं, पाठ चोळली तरी ते पुन्हा श्वास घेतं. कमतरता तशीच चालू राहिली तर तुटक धापा लागतात आणि दुसरा थांबा येतो. इथे कितीही चोळा, बाळ आपणहून श्वास घेत नाही. त्याला हवा द्यावीच लागते.

अडचण अशी की ही दोन्ही बाळं बाहेरून हुबेहूब सारखी दिसतात. निपचित, निळसर. कोणतं बाळ पहिल्या थांब्यात आहे आणि कोणतं दुसऱ्या, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून पाठ दोन-तीनदा चोळून प्रतिसाद आला नाही, तर ‘अजून जरा चोळून बघू’ म्हणत थांबायचं नाही. श्वास द्यायचा मास्क घ्यायचा.

किती बाळांना अशी मदत लागते?

पूर्ण दिवस भरलेल्या १०० बाळांपैकी साधारण ८५ अर्ध्या मिनिटाच्या आत आपणहून श्वास घेतात. आणखी १० पुसल्यावर, चोळल्यावर घेतात. सुमारे ५ बाळांना बॅग आणि मास्कने श्वास द्यावा लागतो. छातीवर दाब किंवा औषध लागण्याची वेळ हजारात एक ते तीन बाळांवर येते.

शेवटच्या आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण माझं सगळं काम त्या ५ बाळांसाठी आहे. त्यांच्यासाठी लागते एक हवेची पिशवी, योग्य मापाचा मास्क आणि सराव असलेले दोन हात.

‘गोल्डन मिनिट’ म्हणतात ते कधीपासून मोजायचं?

बाळ पूर्ण बाहेर आलं त्या क्षणापासून. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कोणीतरी मोठ्याने वेळ सांगायची, हे मी प्रत्येक ठिकाणी हट्टाने करवून घेते. घाईच्या वेळी माणसाचा अंदाज फार चुकतो. एका प्रसूतिगृहात ‘मिनिटात सुरू केलं’ असं सगळे मनापासून सांगत होते आणि चित्रीकरणात जवळजवळ अडीच मिनिटं निघाली. कोणी खोटं बोलत नव्हतं.

त्या ६० सेकंदांत बाळ कोरडं करायचं, ओलं दुपटं बाजूला टाकून कोरड्यात घ्यायचं, मान सरळ ठेवायची, तोंडात-नाकात घाण अडकलेली दिसली तरच काढायची, पाठ चोळायची. श्वास नसेल तर मिनिट संपायच्या आत पहिला श्वास आपण द्यायचा. आपल्याकडे २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा भर याच मूलभूत गोष्टींवर आहे, आणि २०१० पासून जगभर पसरलेल्या ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या प्रशिक्षणाचाही.

मी बॅग दाबते, पण छाती उठत नाही. काय चुकतंय?

सिस्टर, हा प्रश्न विचारलात याचा मला आनंद होतो, कारण पुष्कळ जण छातीकडे बघतच नाहीत. नजर बॅगेवर असते.

बहुतेक वेळा चूक मास्कमध्ये असते. मास्कने हनुवटीचं टोक, तोंड आणि नाक झाकलं पाहिजे. डोळ्यांवर तो यायला नको. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली बोटं जबड्याच्या हाडावर. मास्क चेहऱ्यावर नुसता दाबायचा नाही, हाडावरच्या बोटांनी जबडा मास्कमध्ये वर उचलायचा. माझी स्वतःची जुनी चूक सांगते. माझी बोटं हाडाऐवजी हनुवटीखालच्या मऊ भागात रुतायची. त्याने जीभ मागे ढकलली जाते आणि वाट बंद होते. मी जितका जोर लावायचे तितकी हवा कमी जायची, आणि हे मला कोणी सांगेपर्यंत कित्येक महिने गेले.

मग मान. फुलाचा वास घेताना नाक जसं किंचित पुढे येतं, तशी ठेवायची. फार मागे वाकवली तरी वाट बंद होते आणि हनुवटी छातीला टेकली तरी. खांद्याखाली दुपट्याची छोटी घडी ठेवा. लांबलेल्या कळांनंतर डोक्याला सूज असलेल्या बाळांत या घडीने मोठा फरक पडतो.

तरीही छाती उठत नसेल तर तोंड आणि मग नाक साफ करायचं, तोंड थोडं उघडं ठेवून मास्क पुन्हा लावायचा, मग दाब जरा वाढवायचा. तेवढ्यानेही भागलं नाही तर श्वासनलिकेत नळी किंवा घशात बसणारा लॅरिंजियल मास्क. हा क्रम लक्षात ठेवा, कारण घाबरल्यावर माणूस थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो.

दाबाची सुरुवात पाण्याच्या २० ते २५ सेंटिमीटरपासून (हवेचा दाब या मापात मोजतात). वेग मिनिटाला ४० ते ६०. आमच्या वर्गात ‘दाब, सोड, सोड’ असं म्हणत सराव करतो. ‘सोड’ म्हणताना बॅग खरंच सैल झाली पाहिजे. आणि हवा किती लागते? तीन किलोच्या बाळाला एका श्वासात १२ ते १८ मिलिलिटर. एक मोठा चमचाभर. बॅग मात्र २४० मिलिलिटरची किंवा त्याहून मोठी असते. पूर्ण पिळली तर कोवळ्या फुप्फुसाला इजा होते. छाती हलकेच उठेल एवढंच, शांत झोपलेल्या बाळाची उठते तेवढं.

आपलं बरोबर चाललंय हे सगळ्यात आधी हृदयाचे ठोके सांगतात. ते वाढू लागतात, मग बाळाचा रंग आणि हालचाल सुधारते.

आमच्या उपकेंद्रात ऑक्सिजनचा सिलिंडर नाही. मग बॅग-मास्कचा उपयोग काय?

पुरेपूर उपयोग आहे. दिवस भरलेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करायची असते.

मी शिकत होते तेव्हा उलटं होतं. बाळ निळं दिसलं की १०० टक्के ऑक्सिजन, यात शंका घ्यायची कोणाला सुचत नव्हतं. ज्यांनी शंका घेतली त्यांत दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. सिद्धार्थ रामजी होते. त्यांच्या गटाने साधी हवा आणि शुद्ध ऑक्सिजन यांची तुलना १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे नॉर्वेचे डॉ. ओला साउगस्टाड यांच्याबरोबर अनेक देशांत मिळून केलेला मोठा अभ्यास १९९८ मध्ये आला. साधी हवा कमी पडत नाही आणि जास्त ऑक्सिजनने अपायच होऊ शकतो, हे पुरावे साचत गेले. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय सूचनाच बदलल्या. जगभरातल्या लेबर रूम ज्याने बदलल्या त्या कामाचा एक धागा आपल्याच देशातल्या सरकारी रुग्णालयातून निघाला, हे मी प्रत्येक वर्गात सांगते.

निळेपणाची घाई करू नका. निरोगी बाळाच्याही रक्तातला ऑक्सिजन पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्के असतो, पाचव्या मिनिटाला ८० ते ८५ आणि दहाव्या मिनिटापर्यंत ८५ ते ९५. पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला लावायचा. दिवस कमी असलेल्या बाळांना थोडा ऑक्सिजन सुरुवातीपासून लागतो. म्हणून अशी प्रसूती शक्यतो मोठ्या ठिकाणी व्हावी.

बाळाने पोटातच शी केली. ती नळी घालून ओढून काढावी लागते ना?

पूर्वी काढत असू. डोकं बाहेर येताच तोंड-नाक ओढायचं, मग श्वासनलिकेत नळी घालायची. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत डोकं बाहेर येताना ओढण्याने काही फायदा होत नाही असं दिसलं. रडणाऱ्या, हातपाय हलवणाऱ्या बाळाला तर नळीची गरजच नव्हती. निपचित बाळांचा प्रश्न राहिला होता. त्यावरही पुदुच्चेरी आणि दिल्ली इथे चाचण्या झाल्या आणि सरसकट नळी घालून ओढण्याचा फायदा दिसला नाही. २०१५ पासून ती पद्धत मागे पडली.

नळी शोधण्यात आणि घालण्यात जो वेळ जातो, तो बाळाच्या श्वासातून वजा होतो. वाट खरोखर बुजलेली असेल तर साफ करायचीच, पण शीमुळे पाणी हिरवं दिसलं म्हणून श्वास देणं लांबवायचं नाही. अजूनही काही ठिकाणी प्रत्येक बाळाच्या घशात सवयीने नळी फिरवतात. तिने घशामागचा भाग चेतवला जाऊन ठोके मंदावू शकतात. निरोगी बाळाला तसं का करायचं?

आमच्या वेळी सुईण बाळाला उलटं धरून चापट मारायची. गार पाणी मारायचे, थाळी वाजवायचे, कांदा फोडून नाकाशी धरायचे. ते सगळं चूकच का?

आजी, त्या बायकांनी हाताशी जे होतं त्यातून बाळ वाचवायची धडपड केली, त्याबद्दल मनात आदरच आहे. त्यातली बरीच बाळं पहिल्या थांब्यातली असणार, म्हणून ती रडली. पण उलटं धरल्याने डोक्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांवर ताण येतो, चापटीने इजा होते, गार पाण्याने बाळ गारठतं, आणि थाळी-कांद्यात मोलाची मिनिटं जातात. कोरड्या कापडाने पुसणं आणि पाठ चोळणं एवढंच त्यातलं ठेवायचं.

नाळ लगेच कापायची की थांबायचं?

बाळ रडत असेल तर थांबायचं, किमान मिनिटभर. वारेतलं रक्त बाळाकडे जातं, पुढच्या महिन्यांत लोह कमी पडत नाही. तोवर बाळ आईच्या पोटावर, अंगाला अंग लावून. बाळ श्वास घेत नसेल तर बहुतेक ठिकाणी नाळ कापून वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर घेतात. नाळ जोडलेली ठेवून श्वास देण्याच्या पद्धतींवर अभ्यास चालू आहेत. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाची नाळ पिळून रक्त आत ढकलू नये, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

ऑपरेशन थिएटरचा एसी बंद करायला सांगितलं की डॉक्टर रागावतात.

रागावू देत. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं आणि ओलं बाळ मिनिटांत गार पडतं. खोली २५ अंशांच्या आसपास असावी, वॉर्मर आधीच तापलेला, दुपटी गरम, टोपी तयार. डिसेंबरात पुण्यातल्या पहाटेच्या सिझेरियनला तर हे विसरून चालणारच नाही. ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ न पुसता मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. नातेवाइकांना ते बघून धक्का बसतो, म्हणून आधी सांगून ठेवा.

छातीवर दाब कधी द्यायचा?

छाती नीट उठेल असे श्वास ३० सेकंद देऊनही ठोके मिनिटाला ६० पेक्षा कमी असतील तेव्हा. दोन अंगठ्यांनी, तीन दाब आणि एक श्वास, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल. त्यानंतर ॲड्रेनलिन हे हृदयाला चालना देणारं औषध, नाळेतल्या शिरेतून.

मोबाइलवर मोठ्या माणसांच्या हार्ट ॲटॅकचे व्हिडिओ बघून काही जण बाळाच्याही छातीपासून सुरुवात करतात. मोठ्या माणसात बहुधा हृदय आधी बिघडलेलं असतं. नवजात बाळाचं हृदय सहसा धडधाकट असतं, ते हवेअभावी मंदावलेलं असतं.

डॉक्टर पोचेपर्यंत सिस्टरने थांबायचं का?

अजिबात नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाकडे बघा. ३९ गावांत गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यात गुदमरलेल्या बाळाला श्वास देणंही होतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हे श्रेय एकट्या श्वास देण्याचं नव्हे, जंतुसंसर्गावरचे उपचार आणि बाकीची काळजीही त्यात आली. पण थोडं शिकलेली खेड्यातली बाई हे करू शकते, तर तीन वर्षं नर्सिंग शिकलेली सिस्टर का नाही? कोणाची परवानगी लागेल अशी शंका असेल तर ती आज सोडवा, मध्यरात्री नको.

माझं ट्रेनिंग दोन वर्षांपूर्वी झालंय, सर्टिफिकेटही आहे. पुरेसं नाही का?

नाही, आणि यात तुमचा दोष नाही. हे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागतं, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे.

हिशोब करू. महिन्याला ४० बाळंतपणं होणारं प्रसूतिगृह धरा. बॅग लागणारी बाळं महिन्याला साधारण २. तीन पाळ्यांत मिळून ८ सिस्टर. म्हणजे एकेकीच्या वाट्याला चार महिन्यांतून एक बाळ. वर्षाला तीनदा जे करायचं, तेही घाबरलेल्या मनाने, ते हातात कसं राहणार? चार महिने पोळ्या लाटल्या नाहीत तरी हात अडखळतो.

म्हणून मी दोन दिवसांच्या मोठ्या कार्यशाळेपेक्षा आठवड्याच्या दहा मिनिटांवर जोर देते. पाळी बदलताना दोघींनी बाहुलीवर मास्क लावायचा, छाती उठवून दाखवायची, भूमिका ठरवायच्या : श्वास कोण देणार, ठोके कोण मोजणार, वेळ कोण सांगणार. पाणी भरून वापरायच्या बाहुल्या मिळतात, वजनाला खऱ्या बाळासारख्या लागतात.

प्रत्येक प्रसूतीआधी बॅग तपासा. मास्क तळहातावर घट्ट लावून बॅग दाबा. हाताला दाब जाणवला पाहिजे आणि झडप उघडल्याचा आवाज आला पाहिजे. झडप उलटी बसवलेली, मास्क फक्त मोठ्या मापाचा, बॅग कुलूपबंद कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या सिस्टरच्या पर्समध्ये, हे सगळं मी पाहिलं आहे.

आणि बाळ वाचो वा न वाचो, नंतर पाच मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसा. काय वेळेत झालं, काय राहिलं. कोणाचं चुकलं हे शोधायला बसलात तर पुढच्या वेळी कोणी खरं बोलणार नाही.

प्रयत्न किती वेळ करत राहायचे?

सगळं नीट करूनही ठोके आलेच नाहीत, तर जन्मानंतर साधारण २० मिनिटांनी थांबण्याचा विचार टीमने आई-वडिलांशी बोलून करायचा असतो. त्यानंतर बाळ आईच्या कुशीत द्या. ‘बघू नका, त्रास होईल’ म्हणून लपवून नेऊ नका.

बाळ उशिरा रडलं, आता काचेत ठेवलंय. अपगार कमी होता म्हणाले. ते पुढे मंद होईल का?

अपगार गुण डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये मांडले, ते जन्मल्यावर बाळाची स्थिती टिपण्यासाठी. पहिल्या मिनिटाचा कमी गुण भविष्य सांगत नाही. पाचव्या, दहाव्या मिनिटाला बाळ कसं होतं, पहिल्या दिवसांत झटके आले का, दूध ओढतं का, जाग कशी आहे, यांवर डॉक्टर जास्त भर देतात. लवकर सावरलेली बहुतेक बाळं पुढे चांगली वाढतात.

मेंदूला मध्यम किंवा तीव्र इजेची लक्षणं असतील तर काही केंद्रांत बाळाचं शरीर ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर थंड ठेवतात; सुरुवात जन्मानंतर ६ तासांच्या आत करावी लागते. श्रीमंत देशांत याचा फायदा दिसला, पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त होते. त्यामुळे ‘तुम्ही का नाही केलं’ असं भांडण्याआधी डॉक्टरांचं म्हणणं ऐका. आणि नारायणगावहून पुण्याच्या ससून रुग्णालयात नेताना बाळाला गार ठेवायचा प्रयोग वाटेत कोणी करू नये.

घरी गेल्यावर तपासण्या चुकवू नका. पुण्याला या कामाची परंपरा आहे : केईएम रुग्णालयातल्या डॉ. सुधा चौधरी यांच्या गटाने १९८७ ते १९८९ मधल्या कमी वजनाच्या बाळांची अठराव्या वर्षापर्यंत नोंद ठेवली. मान धरणं, नजर, ऐकणं, हातापायांचा ताठपणा यांत मागे पडल्याचं लवकर कळलं तर व्यायाम लवकर सुरू होतात.

प्रसूतिगृह निवडताना काय विचारू?

जन्माच्या वेळी फक्त बाळाकडे बघणारं माणूस कोण असेल? बाळाची बॅग आणि मास्क कुठे ठेवलेत, दाखवाल का? गेल्या महिन्यात सराव कधी केला? खोलीच्या भाड्याआधी हे विचारा. चांगल्या ठिकाणी याचा कोणाला राग येत नाही, बॅग काढून दाखवतात.

कात्रजच्या घाटात, गाडीतच बाळ झालं तर?

गाडी बाजूला घ्या, १०८ लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा. जे कापड असेल, ओढणी, टॉवेल, शर्ट, त्याने बाळाचं अंग आणि डोकं पुसा. ओलं कापड टाकून द्या. बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना मिळून पांघरा, डोकं झाका, काचा बंद करा. पाठ चोळा.

श्वास नसेल तर बाळाला सपाट ठेवा, मान सरळ, तुमच्या तोंडाने बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही झाका आणि फक्त गालात मावेल एवढी हवा हळू फुंका. छाती उठली का बघा. दोन-तीन सेकंदांनी पुढचा श्वास. मदत येईपर्यंत किंवा बाळ रडेपर्यंत.

नाळ कापू नका, ओढू नका. ब्लेडही नको, दोराही नको. वार आपोआप बाहेर आली तर स्वच्छ पिशवीत घालून बाळाच्या शेजारीच ठेवा. नाळ १०८ वाले येऊन कापतील. आईला रक्तस्राव फार होतोय असं दिसलं तर फोनवर ते लगेच सांगा.